खडपावर चौकट टाकून जीव मोजणं: ओहोटीतल्या फील्डवर्कबद्दल बोलूया

कातळकिनारा
नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत बरेच महिने गेले, आज बसलेच. मी रत्नागिरी जिल्ह्यात एका कॉलेजात झूलॉजी शिकवते आणि गेली सहा वर्षं दर हिवाळ्यात मुलांना घेऊन जवळच्या गावाच्या खडपावर जाते. ओहोटीत जो कातळ उघडा पडतो त्यावर कोण कोण राहतं, किती आहेत, कुठल्या उंचीला आहेत ह्याची नोंद करायला. सहल म्हणून नाही, मोजायला.

पद्धत साधीच आहे. भरतीच्या वरच्या रेषेपासून खाली पाण्यापर्यंत टेप ताणायची आणि त्या टेपवर ठरलेल्या अंतरावर ५० सेंटिमीटर बाय ५० सेंटिमीटरची चौकट ठेवायची, तिला क्वाड्रॅट म्हणतात. चौकटीच्या आत जे सुटे जीव दिसतात ते मोजायचे आणि जे पसरलेले असतात, म्हणजे स्पंज, झोअँथिड (कातळावर चटईसारखे पसरणारे, प्रवाळांचे नातलग), शेवाळ, ते किती टक्के जागा व्यापतात ते लिहायचं. मोजलेल्या आकड्याला चारने गुणलं की चौरस मीटरचा हिशोब मिळतो. एवढंच.

पण पहिल्या दोन वर्षांचा सगळा डेटा मला बाजूला ठेवायला लागला. कारण सांगते. तिसऱ्या वर्षी सगळ्या वह्या एकत्र घेऊन बसले होते तेव्हा लक्षात आलं की दोन वर्षांच्या नोंदींत एकसुद्धा चौकट रिकामी नाही. एकही नाही! आणि आमचं खडप मी लहानपणापासून बघतेय, वरच्या भागात हात हात लांब नुसता उन्हात तापलेला काळा कातळ असतो, त्यावर काही म्हणजे काही नसतं. मुलं काय करत होती तर टेपच्या आसपास जिथे काहीतरी छान दिसतंय तिथे चौकट ठेवत होती, आणि त्यांचं काय चुकलं, मीच त्यांना नीट सांगितलं नव्हतं. पण त्यामुळे झालं असं की आमच्या वहीतलं खडप हे खऱ्या खडपापेक्षा कितीतरी श्रीमंत होतं.

तेव्हापासून मी एक नियम केला. चौकट कुठे पडणार ते घरीच ठरवून, आकडे चिठ्ठीवर लिहून न्यायचे, आणि तिथे काही नसेल तर ठळक शून्य लिहायचं. शून्य लिहायला मुलांना फार जड जातं. सकाळी साडेचारला उठून, एसटीने येऊन, गुडघाभर पाण्यातनं चालून काय लिहिलं तर शून्य. पण मला आता वाटतं की त्या शून्यांवरच बाकीचे सगळे आकडे उभे आहेत.

इथे कोणी असं काम करतं का, किनाऱ्यावर, खाडीत, बोटीवरून, कुठेही? तुम्ही जागा कशी ठरवता, दगडाखालचे जीव मोजता का, आणि ओळख पटवायला काय वापरता? सविस्तर लिहा प्लीज.

हाजीअलीचा_कठडा
ताई, फार महत्त्वाचा धागा काढलात. मी मुंबईचा, बँकेत नोकरी, शास्त्राचा विद्यार्थी नाही. २०१७ मध्ये मरीन लाईफ ऑफ मुंबई हा किनाऱ्यावरचे जीव बघणाऱ्या नागरिकांचा उपक्रम सुरू झाला तेव्हापासून किनारा फेऱ्यांना जायला लागलो. त्याआधी मरीन ड्राईव्हला शेकडो वेळा बसलोय पण त्या टेट्रापॉडच्या पलीकडे एवढं काही राहत असेल असं मनातसुद्धा आलं नव्हतं. पहिल्याच फेरीत हाजी अलीजवळ एका खळग्यात बोटाच्या पेराएवढी समुद्री गोगलगाय दिसली, पाठीवर पिसांसारखे कल्ले, आणि त्या गढूळ पाण्यात ती अगदी सावकाश चालली होती. मी तिथे उकिडवा बसून पाऊण तास तिच्याकडे बघत होतो, पाणी चपलेत शिरलं तेव्हा उठलो.

आम्ही सगळे फोटो काढून आयनॅचरलिस्ट नावाच्या साइटवर टाकतो, तिथे जगभरातले जाणकार ओळख पटवून देतात. पण तुमचं शून्याचं वाचून थांबलोच. आमच्याकडे शून्य नसतंच ना. जे दिसलं त्याचा फोटो, जे नाही दिसलं त्याची नोंद कुठेच नाही. म्हणजे उद्या एखादा जीव नाहीसा झाला तर आमच्या फोटोंवरून तो नाहीसा झालाय की कोणी फोटो काढला नाही हे कळणारच नाही.

आणि मोजणीचा उपयोग किती सरळ होतो ते आम्ही २०२० मध्ये पाहिलं. कोस्टल रोडच्या कामात हाजी अली आणि वरळीच्या कातळावरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या गेल्या. त्यांना उचलता आलं कारण त्या तिथे आहेत हे कोणीतरी जाऊन बघितलं होतं. ज्या जिवांची नोंद नव्हती त्यांचं काय झालं हे विचारायलासुद्धा जागा नाही.

पुळणीवरचा
मी मालवणचा, माझो बापूस रापणीक (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) जायचो, मी पण बारावीपर्यंत रापण ओढलेली आसा. आता मत्स्यशास्त्र शिकून नोकरी करतो त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात.

आधी वेळेचं सांगतो कारण नवीन माणसं तिथेच फसतात. आमच्याकडे तिथीवरून काढतात. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता साधारण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. त्यापासून सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. म्हणजे पौर्णिमेला सुकती पहाटे पाचला नाहीतर संध्याकाळी साडेपाचला, दोन्ही वेळा उजेडाची बोंब. म्हणून द्वितीया-तृतीयेला जा. द्वितीयेला भरती दीडला, सुकती पावणेआठच्या सुमाराला, चांगला कोवळा उजेड, आणि पाणी तेव्हा पौर्णिमेइतकंच किंवा थोडं जास्तच मागे जातं. अष्टमीला भांग असतो, पाणी धड भरत नाही धड सुकत नाही, तेव्हा खालच्या पट्ट्यातलं काही हाती लागत नाही. हा अंदाज झाला, गाव बदललं की अर्धा पाऊण तास इकडे तिकडे होतो, म्हणून सर्व्हे ऑफ इंडियाचं भरतीचं कोष्टक बघून खात्री करायचीच.

आणि सुकतीच्या दीड तास आधी खडपावर पाहिजे. पाण्याच्या मागे मागे खाली जायचं आणि पाणी वळलं की आपण पण वळायचं. समुद्राकडे पाठ करून मोजत बसू नका. एक माणूस फक्त पाण्याकडे बघायला ठेवा, त्याला दुसरं काम देऊ नका.

रापणीबद्दल पण लिहितो. वाळूच्या किनाऱ्यावर काय राहतं हे बघायचं असेल तर रापण ओढून झाल्यावर तिथे जाऊन उभे राहा. बांगडे, तारली, पेडवे टोपल्यात गेले की मागे जे वाळूत उरतं ते बघा, बारीक लेप, तारामासे, छोटे खेकडे, शंख ज्यात दुसराच कोणीतरी राहायला आलाय. लहानपणी मी ते पायाने पाण्यात ढकलायचो. आता मोजतो, आणि मग पाण्यात टाकतो. फक्त एक लक्षात ठेवा, जाळं आपल्याला त्याच्या आसाएवढंच, म्हणजे भोकाएवढंच सांगतं. आसातून निसटलं ते समुद्रात नव्हतं असं नाही.

कातळकिनारा
पुळणीवरचा दादा, पाऊणपटीचा हिशोब माझे आजोबा करायचे, मुलांना मी तोच शिकवते, ॲप बंद पडलं तरी डोकं चालू राहतं. पाण्याकडे बघणारा माणूस हे आम्ही पण करतो, शिट्टी त्याच्याकडे.

हाजीअलीचा_कठडा, तुमचे फोटो वाया नाहीत हो. त्यात एवढंच जोडा, किती वाजता सुरू केलं, किती वाजता संपवलं, किती माणसं शोधत होती. चार माणसं दोन तास शोधून एक गोगलगाय मिळाली आणि पुढच्या वर्षी तेवढीच माणसं तेवढाच वेळ शोधून शून्य मिळाल्या, की झाली तुलना.

झुआरीकाठी
मी गोव्यात, तळाच्या चिखलातल्या जिवांवर काम करते. तुमचं खडप निदान डोळ्याला दिसतं, आमच्याकडे बोटीवरून दोरीला लोखंडी जबडा बांधून खाली सोडायचा, तो तळाला टेकला की मिटतो आणि चिखलाचा घास घेऊन वर येतो. व्हॅन वीन ग्रॅब म्हणतात त्याला. आमच्याकडचा ०.०४ चौरस मीटरचा आहे, म्हणजे २० सेंटिमीटर बाय २० सेंटिमीटर. बोटीवर वर आल्यावर पहिली गोष्ट काय बघायची तर जबडा पूर्ण मिटलाय का. एखादी शिंपली किंवा दगड मध्ये अडकला असेल तर वर येईपर्यंत अर्धा चिखल धुऊन गेलेला असतो, तो नमुना टाकून द्यायचा आणि पुन्हा सोडायचा. दुपारी दोनच्या उन्हात, बोट डोलतेय, तांडेल घाईत आहे, तेव्हा तो टाकून देणं फार अवघड जातं. तरी टाकायचा.

मग तो चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर, पाण्याची धार हळू ठेवून. जोरात धार मारली की पॉलीकीट (चिखलातले समुद्री कृमी) तुटतात आणि मग डोकी मोजत बसावं लागतं, खरंच, डोकी मोजतात, कारण एका जिवाचे चार तुकडे झाले तर ते चार जीव नाहीत. चाळणीवर उरलेलं बाटलीत, फॉर्मॅलिन घालून, त्यात रोझ बेंगॉल नावाचा रंग. तो रंग जिवाच्या अंगाला गुलाबी करतो आणि वाळू, काड्या, रिकामे शंख तसेच राहतात. पहिल्यांदा ती बशी मायक्रोस्कोपखाली बघितली होती तेव्हा मला राखाडी चिखलात गुलाबी धाग्यांचे तुकडे दिसले, आणि एकेका धाग्याला पाय, कल्ले, डोळे. चमचाभर चिखल होता तो.

फॉर्मॅलिनबद्दल दोन गोष्टी. एक, त्यात बोरॅक्स घाला, नाहीतर आम्लामुळे बारीक शंख-शिंपले विरघळायला लागतात. दोन, पुढे डीएनए काढायचा असेल तर फॉर्मॅलिन नको, सरळ ९५ टक्के अल्कोहोल. हे आधी ठरवा, नंतर बदलता येत नाही.

आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी जाण्याबद्दल, कांदोळीसमोर समुद्रात सुमारे २५ मीटर खोलीवर एक जागा आहे, तिथे १९९७ पासून राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची माणसं नियमित जाऊन पाणी मोजतायत. पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, तिथल्या तळाजवळच्या पाण्यातला ऑक्सिजन जवळजवळ संपतो. वरून समुद्र निळाशार, पर्यटक मजेत, आणि खाली तळाशी श्वास घ्यायला काही नाही. मी डिसेंबरात एकदाच ग्रॅब टाकला असता तर तळाला जीव कमी का आहेत हे मला जन्मात कळलं नसतं.

प्लिमथहून
मूळची अलिबागची, आता इंग्लंडात प्लिमथला शिकतेय. इथे सागरी जीवशास्त्राची संस्था १८८४ ची आहे, आणि खडपावरच्या मोजणीचं जे महत्त्व ताई सांगतायत ते मला इथे येऊन खरं कळलं.

इथल्या कातळावर दोन प्रकारचे बार्नॅकल (कातळाला कायमचे चिकटून राहणारे बारीक कवचवाले जीव) शेजारी शेजारी राहतात, एक थंडीचा, एक उबेचा. ॲलन साउथवर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकापासून इंग्लंडच्या नैर्ऋत्येच्या किनाऱ्यावर ठरलेल्या जागांवर हे दोन्ही मोजायला सुरुवात केली आणि कित्येक दशकं मोजत राहिले. फक्त बार्नॅकल. समुद्र थंड असला की थंडीवाले वाढलेले, ऊब आली की उबेचे वाढलेले, सगळं त्या आकड्यांत दिसतं. तापमानवाढीचा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता तेव्हा सुरू केलेली ही मोजणी आज तापमानवाढीच्या अभ्यासात वापरतात.

मला वाईट एवढंच वाटतं की अलिबागच्या कुलाबा किल्ल्यापर्यंत आम्ही ओहोटीत चालत जायचो, वाटेतला सगळा कातळ कालवांनी भरलेला असायचा, पण माझ्या आईच्या लहानपणी तिथे किती होती ते कोणी लिहून ठेवलेलं मला तरी सापडलं नाही. आई म्हणते खूप होती. खूप म्हणजे किती?

निशिगंध_एफवाय
मी पहिल्या वर्षाला आहे, प्रश्न अगदी बेसिक आहे. क्वाड्रॅट विकत कुठे मिळते आणि केवढ्याला? आणि शंख वगैरे घरी आणलेले चालतात का ओळखायला?

कातळकिनारा
विकत घेऊच नकोस ग. प्लंबरच्या दुकानातून अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाईप आण, दोन मीटरपेक्षा थोडा जास्त, आणि चार एल्बो. आतली बाजू नीट ५० सेंटिमीटर भरेल असे तुकडे काप. मग पाईपला ठिकठिकाणी ड्रिलने भोकं पाड, हे विसरू नकोस, नाहीतर आत हवा राहून चौकट खळग्यातल्या पाण्यावर तरंगते. आम्ही पहिल्या दिवशी दगड ठेवून ती दाबून धरत होतो आणि ते दगड नेमके जिवांवर. त्याच भोकांतून दर ५ सेंटिमीटरवर नायलॉनची दोरी आडवी-उभी ओवलीस की १०० घरं होतात, मग झोअँथिड किती घरांत आहे ते मोजलं की टक्केवारी आपोआप. रंगीत दोरी घे, पांढरी उन्हात दिसत नाही. पेन्सिलने लिही, पेन ओलं झालं की गेलं.

शंखांचं म्हणशील तर जिवंत काहीही घरी आणायचं नाही. मेलेला वाटणारा शंख पण दोन मिनिटं पाण्यात ठेवून बघ, बऱ्याचदा आतून शंखी खेकड्याचे पाय बाहेर येतात. आणि शंकूच्या आकाराचा, नक्षीदार शंख दिसला तर हात अजिबात लावू नकोस, त्याला विषारी काटा असतो. शिवाय प्रवाळ, समुद्र काकडी, समुद्री घोडा हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित आहेत, परवानगीशिवाय तुकडा सुद्धा उचलता येत नाही. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्यच आहे, तिथे काही करायचं तर आधी वनखात्याशी बोलायचं. फोटो काढ, शेजारी पट्टी ठेवून. वरून एक, खालून एक, तोंडाकडून एक. शंखाच्या तोंडाचा फोटो नसेल तर पुष्कळदा ओळख पटतच नाही.

पुळणीवरचा
दगडाखालच्या जिवांचं राहिलं. ताई तुम्ही दगड उलटता का? माझं मत, मोजणीच्या चौकटीतले उलटू नका. वेगळे दहा दगड ठरवा आणि तेच उलटा, आणि जसा होता तसा परत ठेवा, वरची बाजू वर. खालच्या बाजूला स्पंज असतात, बारीक अंडी चिकटलेली असतात, चपटे पोर्सेलीन खेकडे असतात, ते उन्हात राहिले तर तासाभरात मरतात. मी एका ग्रुपबरोबर गेलो होतो, नाव घेत नाही, पन्नास एक माणसं होती, परत येताना बघितलं तर ओळीने दगड उताणे पडलेले. त्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा जाऊन होतील तेवढे पालथे करून आलो, पण सकाळपासून ऊन खाल्लेलं होतं त्यांनी.

हाजीअलीचा_कठडा
पुळणीवरचा, हे वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे आता फेरीच्या सुरुवातीलाच हे सांगतात.

एक प्रश्न, नवीन आलेला जीव कसा ओळखायचा? मुंबई बंदरात ती काळी बारीक शिंपली, मायटिलोप्सिस, मूळची अमेरिकेकडची, जहाजांबरोबर आलेली, आता थरच्या थर असतात. ती पहिल्यांदा आली तेव्हा कोणाच्या लक्षात आलं असेल?

झुआरीकाठी
ती आपल्याकडे आधी विशाखापट्टणमला १९६७ मध्ये सापडली, मग मुंबईत. बंदरातल्या लाकडावर, लोखंडावर काय चिकटतं हे बघणारी माणसं होती म्हणून सापडली. त्यासाठी मुद्दाम फळ्या पाण्यात टांगून ठेवतात, ठरावीक दिवसांनी वर काढतात, चिकटलेलं मोजतात. काम कंटाळवाणं आहे, पण आधी काय चिकटत होतं ते माहीत असल्याशिवाय नवा पाहुणा ओळखूच येत नाही.

कातळकिनारा
मंडळी, तुमच्या सगळ्यांचं वाचून ह्या खेपेला थोडा बदल केला आणि परवा द्वितीयेला जाऊन आलो, म्हणून लिहितेय.

टेपच्या रेषेवर सहा जागा कायमच्या केल्या. प्रत्येक जागी कातळात दोन छोटी भोकं, त्यांत स्टीलचे स्क्रू आणि प्लास्टिकचा टॅग, ग्रामपंचायतीला विचारून. चौकटीचे दोन कोपरे त्या स्क्रूंना टेकवायचे म्हणजे पुढच्या वर्षी अगदी तीच जागा. बाकीच्या चौकटी आधीसारख्या चिठ्ठीवरून. वेगळे दहा दगड पण ठरवले, खुणेला जवळच्या कातळावर रंगाचा ठिपका.

वरच्या दोन चौकटी शून्य. तिसऱ्या चौकटीत नुसते नेराईट (गोल शंखाच्या छोट्या गोगलगायी), सगळे एका भेगेत सावली धरून बसलेले, बाहेर एकही नाही, मुलीने भेगेत टॉर्च मारून मोजले. मधल्या पट्ट्यात कालवं आणि बार्नॅकल, तिथे मेलेल्यांची टरफलं वेगळी मोजायला लावली, आतापर्यंत आम्ही ती जिवंतांतच धरत होतो, हे मला आधीच सुचायला पाहिजे होतं. सगळ्यात खालची चौकट पाण्याच्या काठावर, तिथे हिरव्या झोअँथिडची चटई आणि तिच्यावरून एक चपटा कृमी चाललेला, कागदाइतका पातळ, कडेला नारिंगी रेघ, कडा लाटेसारखी हलत होती. मुलं मोजणी विसरून त्याच्याकडे बघत बसली आणि मी पण काही बोलले नाही. मग शिट्टी झाली, पाणी वळलं होतं.

नवीन आलेला एक मुलगा वरच्या शून्यवाल्या चौकटीपाशी होता. परत जाताना त्याने विचारलं, मॅडम, इथे पुढच्या वर्षी पण मीच येऊ का. त्याचं नाव त्या जागेपुढे लिहून ठेवलंय.

चपट्या कृमीचे फोटो रात्री टाकते, कोणाला ओळखता आला तर सांगा. आणि प्लिमथहून, तुझ्या आईला विचार कुलाबा किल्ल्याच्या वाटेवर कालवं कुठपर्यंत असायची, कुठल्या दगडापासून कुठल्या दगडापर्यंत. तेवढं सांगितलं तरी मी अलिबागला गेले की टेप लावून येते.

प्लिमथहून
ताई, आत्ताच फोन केला. आई म्हणतेय वाटेच्या डाव्या हाताला एक मोठा सपाट कातळ आहे, त्याच्यापासून किल्ल्याच्या दरवाज्यापर्यंत पाय ठेवायला जागा नसायची, चप्पल काढली की कापायचंच. तो कातळ ती दाखवेल म्हणाली. मे महिन्यात येतेय मी, तेव्हा तिला घेऊनच जाऊया का?

कातळकिनारा
जाऊया. मे मधल्या द्वितीया-तृतीया बघून ठेवते.